क्रोशेच्या कार्डिगनची पूर्ण कृती छापा, नुसते फोटो नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी जवळ आली की पुरवण्यांमध्ये क्रोशेच्या कार्डिगनचे फोटो यायला लागतात. फोटो छानच असतात, मऊ लोकर, मोठ्या बाह्या, खाली लिहिलेलं असतं की एकदम सोप्पं आहे, घरच्या घरी करा, आणि मग कृती म्हणून चार ओळी. साखळ्या घाला, खांब घाला, हव्या त्या मापाचं झालं की जोडा. आता हवं ते माप म्हणजे कुठलं, लोकर किती, सुई किती मिमीची, बाही कुठून सुरू करायची, यातलं काहीच नाही. माझी विनंती एवढीच आहे की कृती छापायची तर पूर्ण छापा, नाहीतर नुसता फोटो छापा आणि खाली "कृती" असं लिहू नका.

यात नुकसान नवीन शिकणाऱ्याचं होतं. तो किंवा ती उत्साहाने लोकर आणते, पाठीचा भाग अर्धा होतो, मग दिसतं की खालची कड रुंद आहे आणि वर निमुळतं होत चाललंय, किंवा मोठ्या माणसासाठी घेतलेलं काम लहान मुलाच्या मापाचं झालंय, मग वाटतं की आपल्यालाच जमत नाही आणि पिशवी कपाटात जाते ती जातेच. चूक बहुतेक वेळा हाताची नसते, छापलेल्या कृतीत निम्म्या गोष्टी नसतात. आणि साधा कार्डिगन खरंच साधा असतो हो, टाके तीन-चारच लागतात, ते कुणालाही येतात, फक्त सांगणाऱ्याने सगळं सांगायला पाहिजे.

आता सगळं म्हणजे काय ते लिहितो, पत्र लांबेल याची कल्पना आहे, जागा नसेल तर बाकी कुठूनही कापा पण मापाचा भाग कापू नका.

सगळ्यात आधी टाक्यांची नावं नीट सांगा. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि सुईवरच्या दोन्ही वेढ्यांतून एकदम काढायचा. अर्धा खांब म्हणजे आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, मग टाक्यातून दोरा ओढायचा आणि तिन्ही वेढ्यांतून एकदम काढायचा. खांब म्हणजे सुरुवात तशीच पण दोरा दोन-दोन वेढ्यांतून दोनदा काढायचा. हे तीन वाक्यांत होतं. न सांगितल्यामुळे काय होतं तर इंग्रजी कृतीवरून उचललेलं जसंच्या तसं छापलं जातं, आणि अमेरिकन कृतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश कृतीत डबल क्रोशे म्हणतात, त्यामुळे एकीचा मुका खांब दुसरीचा उंच खांब होतो आणि ओळीची उंची दुपटीने बदलते. त्याच कृतीवरून दोघीजणी करतायत आणि दोघींचे कार्डिगन वेगळेच, याचं कारण बऱ्याचदा इतकंच असतं.

मग लोकर. बऱ्याच लेबलांवर ० ते ७ मधला एक आकडा असतो, तो जाडीचा. पहिल्या कार्डिगनला ४ नंबरची मध्यम जाडी घ्यावी आणि सुई ५ किंवा ५.५ मिमीची, सैल पोत हवं असेल तर ६. मोठ्या माणसाच्या कार्डिगनला या जाडीत साधारण १००० ते १४०० मीटर लोकर लागते, अंगापिंडाप्रमाणे आणि लांबीप्रमाणे कमीजास्त. हे मीटरमध्येच सांगायला पाहिजे, "सहा गोळे" म्हणून काही कळत नाही, कारण गोळा कुणाचा ५० ग्रॅमचा असतो कुणाचा १०० चा, आणि सारख्या वजनाच्या दोन गोळ्यांमध्येसुद्धा दोऱ्याची लांबी वेगळी असते. लेबलवर डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो तो सगळ्या गोळ्यांचा एकच बघून घ्यायचा, कारण नंतर एक गोळा आणायला गेलं की तोच रंग थोडा वेगळा येतो आणि तो फरक हातात कळत नाही पण पाठीवर आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. रंग शक्यतो फिका घ्या, काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि केसाळ लोकर पहिल्या वेळी नकोच, ती उसवताना गुंता होतो.

अ‍ॅक्रिलिक की खरी लोकर की सुती दोरा, यावर माझं मत सांगतो. सुती दोरा जड असतो आणि त्याला ताण घेऊन परत यायची सवय नसते, त्यामुळे लांब कार्डिगन वापरून वापरून खाली ओघळतो. खरी लोकर उबदार आणि लवचिक, पण गरम पाणी, साबण आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा घट्ट होतो, एकदा झालं की परत येत नाही. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, धुवायला सोपं, शिकायला चांगलं. पण एक गोष्ट लपवून ठेवू नये, २०१६ साली प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा अ‍ॅक्रिलिकच्या ६ किलो कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त बारीक तंतू सुटू शकतात असं दिसलं, म्हणून असा कार्डिगन उठसूट मशीनला टाकू नये, हवा दाखवावी आणि खरंच मळला की हाताने धुवावा. शिकायला अ‍ॅक्रिलिक, आणि ज्याच्यावर जीव आहे तो कार्डिगन खऱ्या लोकरीत, असं मी सांगेन.

आता नमुना. हा शब्द तुमच्या कृतीत कधीच नसतो आणि सगळं काम त्याच्यावर उभं असतं. ज्या सुईने, ज्या लोकरीने, ज्या टाक्याने कार्डिगन करायचा त्यानेच साधारण १५ सेमीचा चौकोन विणायचा, कार्डिगन जसा धुणार तसाच तो धुवायचा, सपाट वाळवायचा आणि मधल्या १० सेमीत किती टाके आणि किती ओळी आल्या ते मोजायचं, कडेचं मोजायचं नाही कारण कड नेहमी थोडी वाकडी असते. समजा कृतीत १० सेमीत १४ टाके म्हटलंय आणि तुमचा हात घट्ट, तुमचे १६ आले. दोन टाक्यांनी काय होतं असं वाटतं. पण १०० सेमी घेरासाठी कृती १४० टाके घालायला सांगते आणि १६ च्या हिशोबाने त्या १४० टाक्यांचे होतात साडेसत्याऐंशी सेमी. साडेबारा सेमी गेले! म्हणजे कार्डिगन पुढे बंदच होत नाही. उपाय सोपा आहे, अर्धा मिमी मोठी सुई घ्या आणि पुन्हा नमुना करा, हात मुद्दाम सैल सोडायच्या भानगडीत पडू नका, तो दहा ओळींनंतर परत मूळ सवयीवर येतो.

आणि कड निमुळती का होते तेही एका ओळीत लिहिता येतं. ओळ उलटताना मुक्या खांबासाठी १ साखळी, अर्ध्या खांबासाठी २ आणि खांबासाठी ३ घालायच्या, आणि खांबाच्या कामात त्या ३ साखळ्या म्हणजेच ओळीचा पहिला खांब, त्यामुळे परत येताना शेवटचा खांब त्या साखळीच्या डोक्यात घालायचा. तोच राहून जातो आणि दर ओळीला एक टाका कमी होतो. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात मार्कर लावा, मार्कर नसेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा, झालं.

पहिल्या कार्डिगनसाठी तुम्ही नेहमी पाच तुकड्यांचा प्रकार दाखवता, पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या. वाईट नाही, पण शिवण फार आणि मुंढ्याशी सगळे अडकतात. माझ्या मते सुरुवातीला दोन षटकोनांचा कार्डिगन दाखवा, कारण त्यात मुंढा कापावाच लागत नाही. ४ साखळ्यांचं कडं करायचं, त्यात ३ खांबांचा गट आणि २ साखळ्या असं ६ वेळा. पुढच्या फेरीपासून प्रत्येक कोपऱ्यात, म्हणजे त्या २ साखळ्यांच्या फटीत, ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब आणि मधल्या प्रत्येक फटीत ३ खांबांचा एक गट. बास, शेवटपर्यंत हेच. आणि इथे एक गंमतीची जागा आहे जी कृतीत सांगितली नाही तर हमखास माणूस घाबरतो. पाच-सहा फेऱ्या झाल्या की षटकोन सपाट बसत नाही, कडेला लाटा येतात, टेबलावर दाबून ठेवला तर एकीकडून दबतो आणि दुसरीकडून उठतो. बिघडलंय असं वाटून लोक उसवतात. बिघडलेलं काही नसतं. खांबांचं काम सपाट राहायला दर फेरीला साधारण १२ खांब वाढायला लागतात आणि इथे आपण १८ वाढवतोय, दीडपट, म्हणजे मध्यबिंदूभोवती ३६० अंशांच्या ऐवजी ५४० अंशांचं कापड गोळा झालंय. आता दोन समोरासमोरच्या बाजूंचे मध्य पकडा आणि घडी घाला. ५४० चे दोन थर झाले, एकेक २७० चा, आणि २७० अंश म्हणजे बरोबर इंग्रजी L सारखा आकार, एक पाय म्हणजे बाही आणि दुसरा पाय म्हणजे अर्धं अंग. षटकोनाचा मध्यबिंदू जातो थेट काखेत. ते हातात होताना बघायला पाहिजे, शब्दांत मजा येत नाही.

सहा बाजूंचा हिशोब पण तितकाच सुंदर आहे. एक बाजू दुमडून मनगटाशी येते, तिच्या समोरची दुमडून खालची कड होते, दोन बाजू एकमेकींना जोडल्या की बाहीचा वरचा भाग आणि खांदा, एक बाजू पुढची उभी कड आणि उरलेली एक पाठीच्या मधोमध दुसऱ्या षटकोनाला जोडायची. खांद्याची शिवण मनगटाकडून सुरू करून गळ्यापाशी प्रत्येकी ८-९ सेमी सोडून द्यायची, तोच गळा.

माप काढायला फक्त छातीचा घेर लागतो. घेरात ढिलाई मिळवा, म्हणजे १०० सेमीला १० सेमी, झाले ११०, त्याचा चौथा भाग साडेसत्तावीस, तेवढं अंतर मध्यबिंदूपासून बाजूच्या मध्यापर्यंत झालं की थांबायचं. तुमची एक फेरी दीड सेमी उंचीची होत असेल तर १८ फेऱ्यांत २७ सेमी होतात, उरलेलं पट्टीत निघतं. अंगाची लांबी खांद्यापासून याच्या दुप्पट येते, म्हणजे आखूडच, लांब हवा असेल तर जोडून झाल्यावर खालच्या कडेला सरळ ओळी वाढवत जायच्या. मनगटाशी मात्र घेर ५५ सेमीच्या आसपास राहतो, खूपच ढगळ, म्हणून तिथे पहिल्या फेरीत दोन टाक्यांचा एक करायचा आणि मग टाक्याच्या डोक्यावरच्या दोन दोऱ्यांपैकी फक्त मागच्या दोऱ्यात अर्ध्या खांबांची ६-७ सेमी रुंद पट्टी, ती ताणली जाते आणि परत येते. हे सगळं मिळून छापलं तर अर्ध्या पानाच्या आत बसेल, फोटो थोडा लहान करा.

लाटा येणाऱ्या या कापडाला गणितातही मान आहे हे पण कृतीच्या बाजूला चौकटीत द्या ना. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या डायना टायमिना यांनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवत जाऊन हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे कडेकडे लाटा घेत पसरत जाणारा पृष्ठभाग, क्रोशेवर करून दाखवला, आधीचे कागदाचे नमुने फाटायचे, हा हातात धरता येतो, घडी घालता येतो. शाळेतल्या मुलांना हे वाचून सुई हातात घ्यावीशी वाटेल, मुलग्यांनासुद्धा. मी पुरुष आहे आणि बरीच वर्षं क्रोशे करतोय, "मैत्रिणींनो" म्हणून सुरू होणारी कृती वाचताना दर वेळी आपण दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं वाटतं. नुसतं "वाचकहो" लिहिलंत तर काय बिघडेल.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ती. वरच्या षटकोनात दर फेरीला १८ खांब वाढतात, पहिल्या फेरीत १८, अठराव्या फेरीत ३२४, सगळे मिळून एका षटकोनात ३०७८ आणि दोन्ही मिळून ६१५६ खांब. सरावलेला हात धरा, एका खांबाला पाच सेकंद, तरी साडेआठ तास होतात, आणि यात मनगटाच्या पट्ट्या नाहीत, पुढची पट्टी नाही, शिवण नाही, लोकरीची टोकं आत लपवणं नाही. नवीन माणसाला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. आणि हे सगळं मशीनवर करता येत नाही. दोन सुयांचं विणकाम मशीन करतं कारण तिथे एका ओळीचे सगळे टाके एकाच वेळी सुयांवर उभे असतात आणि क्रिया एकसारखी असते, क्रोशेत उघडा वेढा एकच असतो आणि सुईला दर वेळी झालेल्या कापडात नेमक्या जागी घुसून दोरा पकडून बाहेर यायचं असतं. संशोधन चाललंय, पण कारखान्यात कपड्यांसाठी खरा क्रोशा विणणारं मशीन आज चालत नाही, क्रोशेसारखं दिसणारं जे मशीनचं कापड मिळतं ते वेगळ्या पद्धतीचं विणकाम असतं. त्यामुळे दुकानात टांगलेला प्रत्येक खऱ्या क्रोशेचा कार्डिगन कुणीतरी बसून हाताने केलेला असतो, टाका न् टाका. त्याच्यावर लावलेली किंमत बघायची, त्यातून लोकर वजा करायची, दुकानाचा वाटा वजा करायचा, आणि उरलेल्याला तासांनी भागायचं. मला ते भागाकार करून वाईट वाटतं, खरंच वाटतं.

हा नवीन प्रश्न नाही. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडालं तेव्हा कितीतरी घरांतल्या बायकांनी क्रोशेची लेस विकून चूल पेटती ठेवली, ती लेस श्रीमंतांच्या कपड्यांवर गेली, आणि करणाऱ्यांपैकी बहुतेकींची नावं कुणाला माहीत नाहीत. म्हणून तुमच्या पुरवणीत "फावल्या वेळात दोन दिवसांत करा" असं छापून येतं तेव्हा ते मला पटत नाही. ज्याने स्वतः एकदा एक पूर्ण कार्डिगन केलाय त्याला कुणी करणाऱ्याकडे "एवढे कसले पैसे, दोराच तर आहे" असं म्हणता येत नाही. पण तो पूर्ण होईल अशी कृती आधी हातात पाहिजे ना.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. पुढची पट्टी घालताना कडेच्या प्रत्येक टाक्यात एक मुका खांब चालतो, पण ओळीच्या उभ्या कडेवर खांबाच्या एका ओळीला २ आणि अर्ध्या खांबाच्या दोन ओळींना ३ असं प्रमाण ठेवा, जास्त झाले तर पट्टी झालरीसारखी फुगते, कमी झाले तर कार्डिगन पुढून वर चढतो. बटणं आधी आणा आणि काज नंतर करा, उलटं करू नका. गळ्याच्या मागच्या कडेवर आतून सरकत्या टाक्यांची (टाक्यातून ओढलेला दोरा थेट सुईवरच्या वेढ्यातून काढायचा) एक ओळ घाला, अर्धा-पाऊण किलो वजन तिथूनच लोंबत असतं, ती ओळ नसेल तर गळा महिन्याभरात रुंद होतो. हँगरला टांगायचा नाही, घडी करून ठेवायचा. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवायची नाही, तंतू कायमचे चपटे होतात आणि मऊपणा जातो. आणि मनगट दुखायला लागलं की थांबायचं, ओळ पूर्ण करून मग थांबते असं म्हणायचं नाही, दुखऱ्या हाताने घातलेले टाके घट्ट येतात आणि ते नंतर दिसतात.

तर संपादक महोदय, एखाद्या रविवारी अशी एक पूर्ण कृती द्या. मात्र छापायच्या आधी ती दोन जणांकडून करून घ्या, एक घट्ट हाताचा आणि एक सैल हाताचा, दोघांनाही तोंडी काहीही समजावून न सांगता, नुसता कागद हातात देऊन. दोघांचे कार्डिगन सांगितलेल्या मापाचे झाले तर छापा, नाही झाले तर कृतीत काय राहिलंय ते त्यांनाच विचारा, ते बरोबर ओळीवर बोट ठेवतील. दोन माणसं कमी पडली तर मी करून द्यायला तयार आहे, लोकर माझी.

आपला,
एक नियमित वाचक